न विरघळणारा म्हणून निवडलेला धातू

जुन्या पिवळ्या बल्बमधली ती बारीक तार टंगस्टनची असे. 3422 अंश सेल्सिअसला वितळणारा, जवळजवळ सोन्याइतका जड असा हा धातू. स्वीडिश भाषेत त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘जड दगड’. असा दगड पाण्यात विरघळेल कशाला, अशी समजूत बराच काळ होती, आणि त्या समजुतीवर एक लष्करी निर्णय उभा राहिला.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड या द्वीपकल्पावर कॅम्प एडवर्ड्स नावाचे लष्करी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या वाळूखालचे भूजल हाच आसपासच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचा आधार. म्हणून 1997 साली तिथे शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. पर्याय म्हणून टंगस्टनची भुकटी नायलॉनमध्ये बांधून केलेल्या गोळ्या आल्या. त्यांना ‘हिरव्या गोळ्या’ असे कौतुकाचे नाव मिळाले. काही वर्षांतच मैदानाच्या मातीत, आणि मातीखालच्या पाण्यातही, टंगस्टन सापडले. 2006 मध्ये या गोळ्यांचा वापर थांबवण्यात आला.

चूक कुठे झाली? धातूचा घट्ट तुकडा आणि त्याची भुकटी यांत पृष्ठभागाचा प्रचंड फरक असतो. ओल्या मातीत हवेतला प्राणवायू या कणांना भिडला, की धातूचे ऑक्सिडीकरण होऊन टंगस्टेट तयार होते आणि ते पाण्यात सहज मिसळते. या क्रियेत प्राणवायू खर्च होतो आणि आम्ल सुटते, त्यामुळे मातीचा सामू उतरतो. प्रयोगशाळेत धातूची भुकटी भरपूर मिसळलेल्या मातीत जिवाणूंची संख्या घटली, गांडुळेही मेली.

शिसे पाण्यात बहुधा धनभारित आयन म्हणून वावरते आणि मातीतल्या ऋणभारित चिकणमातीला चिकटते. टंगस्टेट ऋणभारित, म्हणजे चिकणमाती त्याला दूर लोटते. त्याला धरून ठेवतात ती मुख्यतः लोहाची ऑक्साइडे, तीही माती आम्लधर्मी असेल तेव्हा अधिक घट्ट. सामू वाढला की पकड सैल होते. फॉस्फेटही त्याच जागांसाठी स्पर्धा करते. म्हणजे खताची मात्रासुद्धा त्याला वाट करून देऊ शकते. आणि आम्लात टंगस्टेटचे रेणू एकमेकांना जोडून मोठी संयुगे बनतात, त्यांचा स्वभाव पुन्हा वेगळाच. त्यामुळे ‘मातीत इतके टंगस्टन’ हा एक आकडा एकटा फारसे काही सांगत नाही.

आरोग्याचे काय? नेवाडा राज्यातल्या फॅलन या छोट्या गावात 1997 नंतरच्या काही वर्षांत पंधराहून अधिक मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. रहिवाशांच्या लघवीत टंगस्टनचे प्रमाण जास्त आढळले, त्याचा एक स्रोत त्या प्रदेशातले नैसर्गिक भूजल. मात्र नेवाडातल्या इतर काही गावांतही तसेच प्रमाण आढळले, आणि टंगस्टन व तो आजार यांचा संबंध सिद्ध झाला नाही. उंदरांच्या स्नायूंत टंगस्टन, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे कण बसवले तेव्हा आक्रमक गाठी झाल्या, पण त्यात निकेल-कोबाल्टचा वाटा किती, हा प्रश्न राहतोच.

नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यातही टंगस्टनची खनिजे आहेत. खडकात बंदिस्त खनिज आणि भुकटी केलेला धातू यांच्या विरघळण्याच्या वेगात मोठा फरक असतो, हे तिथे खाणीचा विचार करताना नोंदवून ठेवावे लागेल. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या टंगस्टनसाठी राष्ट्रीय पातळीवर बंधनकारक मर्यादा ठरलेली नाही. शिशासाठी मात्र दंडक आहेत.