बेगडेवाडीऽऽ!

लोणावळा लोकलनं देहूरोड सोडलं, की पुढचं स्टेशन बेगडेवाडी. भरल्या डब्यात उभं राहून तुम्ही खच्चून ओरडायचं, ‘बेगडेवाडीऽऽ!’ आणि उतरायचं मात्र नाही. घोरावाडीला पुन्हा तेच. नुसत्या कल्पनेनंच कानशिलं तापली ना? गंमत म्हणजे हा मानसोपचारातला गृहपाठ आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत अशीच स्टेशनांची नावं पुकारायला लावत. कुणाला केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यानं फिरवायला सांगत!

हे औषध त्यांनी आधी स्वतः घेतलं होतं. 1913 साली जन्मलेल्या एलिसचं बालपण मूत्रपिंडाच्या दुखण्यापायी वारंवार इस्पितळात गेलं. स्वभाव कमालीचा बुजरा. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली प्रत्येक स्त्री गाठायची आणि बोलायचं. महिन्याभरात 130 जणी झाल्या. तीस उठून गेल्या, शंभर बोलल्या. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही! हिशेबानं पुरतं अपयश. पण भीती गेली. कुणी किंचाळलं नव्हतं, कुणी पोलीस बोलावले नव्हते.

पुढे ते मनोविश्लेषण शिकले, पण माणसं वर्षानुवर्षं बालपण उकरत बसतात आणि फरक फारसा पडत नाही, हे त्यांना खटकू लागलं. 1955च्या सुमारास त्यांनी वेगळी वाट धरली. तिचं मूळ एपिक्टेटस या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञापर्यंत जातं: घटना आपल्याला अस्वस्थ करत नाही, तिच्याकडे बघायची आपली दृष्टी करते.

समजा, स्पर्धा परीक्षेत नापास झालेला मुलगा म्हणतो, ‘नापास झालो, म्हणून खचलो.’ समुपदेशक विचारतो, ‘नापास झालेले सगळेच इतके खचले का?’ मुलगा गप्प. मग हळूहळू मधली पायरी सापडते: ‘मी पास व्हायलाच हवं होतं, नाही झालो, म्हणजे मी कवडीमोलाचा.’ सगळी झटापट या वाक्याशी. पास व्हायची इच्छा रास्त आहे. पण जगानं ती पुरवलीच पाहिजे, हा करार केला कुणी? नापास झाल्याचं दुःख राहतं, राहावंच. उन्मळून पडणं तेवढं टळतं.

ही पद्धत आपल्याकडे रुजवली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिसशी त्यांचा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. मराठीत तिला ‘विवेकनिष्ठ’ हे विशेषण मिळालं. ठाण्यात 1990 साली सुरू झालेल्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी तिची सांगड उपनिषदांशी आणि संतवाङ्मयाशी घालतात. मला ती अजिबात ओढूनताणून घातलेली वाटत नाही. बेगडेवाडीपासून देहू जवळच. स्वतःच्या मनाशी उघड वाद घालणारे तुकोबा तिथलेच.

मात्र ही युक्ती घरच्या घरी सगळ्यांवर चालवायची नाही. तीव्र नैराश्य असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तर्क लढवत बसू नका. डॉक्टर गाठा किंवा ‘टेली-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीतही बोलता येतं.