विलेमस्टाडचं पत्र : एक पाण्यात, एक काठावर

ठाण्याहून दादा-वहिनी आले होते, परवाच परत गेले. दादाने तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत स्कूबा डायव्हिंग शिकून घेतलं, तेव्हापासून त्याची प्रत्येक सुट्टी पाण्याखाली जाते. वहिनीची मजल कमरेइतक्या पाण्यापर्यंत. अशी जोडपी आपल्या ठाणे-डोंबिवलीत आता बरीच आहेत, आणि फोनवर सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : कॅरिबियनमध्ये जायचं तर कुठल्या बेटावर? म्हणून हे पत्र जरा सविस्तर.

बेट निवडताना लोक प्रवाळ बघतात, मासे बघतात, हॉटेलचे फोटो बघतात. मी विचारते, डाइव्ह करणारा जेवायला किती वाजता परत येणार? बोटीवरून डाइव्ह म्हणजे सकाळी आठला निघायचं, एकदा उतरायचं, तासभर थांबायचं, पुन्हा उतरायचं. परत येईपर्यंत एक वाजतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याबरोबर मी अशाच एका बेटावर गेले होते. हॉटेल गावापासून लांब, हाताशी गाडी नाही. चार सकाळी मी एकाच खुर्चीत बसून काढल्या. पाचव्या दिवशी जेवताना आम्ही दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो.

मी राहते त्या कुरासाओ बेटावर हा घोळ होत नाही, कारण इथे किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येतं. बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम 65 किलोमीटरवर, चिंचोळं आणि आडवं. वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो; इथली दिवी-दिवीची झाडं त्या वाऱ्याने एकाच दिशेला वाकलेली दिसतात. त्यामुळे उत्तरेकडची बाजू खवळलेली, तर दक्षिणेकडचे छोटे छोटे किनारे तळ्यासारखे शांत. तिथे पाठीवर टाकी बांधायची, चार पावलं चालायचं, की प्रवाळाची कड सुरू. तासाभराने माणूस त्याच वाळूवर परत. शिवाय हे बेट वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्याने ऐन ऑगस्ट-सप्टेंबरातही फारशी धास्ती नसते.

काराकासबाईजवळ एक छोटी टगबोट पाच-एक मीटर पाण्यात बुडून पडली आहे. तिथे वहिनीला मी लाइफ जॅकेट घातलं, मास्क लावला आणि हात धरून नेलं. पाच मिनिटं ती माझं मनगट सोडेना. मग तिने पाण्यात तोंड घातलं. खाली बोटीच्या गंजलेल्या पाठीवर प्रवाळ वाढलेलं, पिवळे मासे आत-बाहेर करत होते आणि कठड्याशी दादा. त्याच्या श्वासाचे बुडबुडे वर येत होते, येताना मोठे होत होते आणि थेट वहिनीच्या पोटाखाली फुटत होते. त्याने मान वर केली, हात हलवला. वहिनीने माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हात हलवले. पंधरा वर्षांच्या संसारात तो पाण्याखाली काय बघतो ते तिने पहिल्यांदा पाहिलं. बाहेर आल्यावर दोघं एकाच माशाबद्दल बोलत होते!

पश्चिम टोकाला प्लाया पिस्कादो म्हणून कोळ्यांचा किनारा आहे. मासळी साफ करताना उरलेलं पाण्यात पडतं, त्यामागे कासवं येतात. तिथे तर टाकीही लागत नाही.

ज्या दिवशी पाण्याचा कंटाळा येईल, त्या दिवशी राजधानी विलेमस्टाड आहे. कुरासाओ 10 ऑक्टोबर 2010 पासून नेदरलँड्सच्या राज्यातला स्वायत्त देश आहे. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. आपल्या कल्याण-डोंबिवलीची 2011 च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात होती. पण विलेमस्टाड 1997 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. 1888 चा तरंगता लाकडी पूल जहाज आलं की आख्खा बाजूला सरकतो. लोक दिवा स्टेशनच्या फाटकात थांबावं तसे थांबतात, फक्त हॉर्न कोणी वाजवत नाही. 1732 च्या सिनेगॉगमध्ये जमिनीवर वाळू पसरलेली आहे. पोर्तुगालमध्ये धर्मछळाच्या काळात पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वाळू टाकत, त्याची ही आठवण, असं सांगतात. वहिनी तिथे कितीतरी वेळ बसून होती. गुलामांच्या व्यापाराचं संग्रहालय मात्र दोघांनी मिळून बघावं. 1795 साली तुला नावाच्या गुलामाने इथे बंड केलं होतं. ते समजल्याशिवाय या रंगीत घरांचे नुसते फोटो काढणं मला पटत नाही.

शेजारचं बोनेर बेट डायव्हिंगसाठी कुरासाओहून सरस. 1979 पासून तिथला सगळा किनारा संरक्षित आहे आणि पाण्यात कुठे उतरायचं ते रस्त्याकडेचे पिवळे दगड सांगतात. पण न उतरणाऱ्याला रोहित पक्षी आणि मिठागरं बघून झाली की तिसऱ्या दिवशी करमत नाही. दोघंही डाइव्ह करत असाल तरच तिकडे जास्त राहा. ग्रँड केमन महाग आहे. मात्र तिथे उथळ पाण्यात उभं राहून पाकटं पायांना घासून जाताना बघता येतात, ते वहिनीसारखीला नक्की आवडेल. व्हिसाचं आधीच बघा : शेंगेनचा वेगळा, कुरासाओ-बोनेरचा वेगळा.

आणि शेवटचा दिवस. लागोपाठ डाइव्ह केल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं, शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जावा लागतो. म्हणजे तो दिवस डाइव्ह करणाऱ्याला कोरडाच काढावा लागतो. तो दिवस न उतरणाऱ्याच्या हाती द्या, आधीच ठरवून. दादा त्या दिवशी वहिनीच्या पिशव्या धरून पुंडा भागातल्या बाजारात फिरला. या बेटांवर सिंधी व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आहेत. एका दुकानात आमचं मराठी ऐकून मालकांनी विचारलं, "कल्याणचे का?" त्यांची आत्या उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात. चहा आला, खुर्च्या आल्या. वहिनीने घेतलेल्या टेबलक्लॉथचे पैसे त्यांनी कमी केले आणि दादाने, कोणी न सांगता, त्यांना टगबोटीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मधे तो थांबला आणि म्हणाला, "पुढचं हिला विचारा, वरून हिने जास्त पाहिलंय."