हिंवतापाचा हिशेब

वसईच्या खाडीवरील पूल ओलांडून आगगाडी भाईंदरकडे येऊं लागली, कीं खिडकींतून खाजण, मिठागरांचे चौकोन आणि त्यांच्या पलीकडे एकमेकींस खेटून उभ्या असलेल्या इमारती दृष्टीस पडतात. अशा भागांत तापाची साथ आली म्हणजे दोष सहसा त्या खाजणास दिला जातो. तो बहुतांशीं अन्यायाचा आहे. शहरांत हिंवताप पसरविणारा जो अनॉफिलीस स्टीफेन्साय जातीचा डांस, त्याला गोडें व स्वच्छ पाणी प्रिय. गच्चीवरची उघडी टांकी, वापरांतून गेलेली विहीर, शोभेचें कारंजें, नव्या इमारतीच्या स्लॅबवर बांध घालून कोंडलेलें पाणी, हीं त्याचीं माहेरघरें. रोगाचें मूळ खाडींत नसून डोक्यावर आहे, ही गोष्ट केवळ शास्त्रज्ञांच्या कामाची नाहीं. महानगरपालिकेनें आपला पैसा कोठें व कशावर खर्चावा, हें तीवरच ठरतें.

शेजारच्या मुंबईनें हा धडा फार पूर्वीं घेतला. १९११ सालीं डॉ. बेंटले यांनीं तेथील हिंवतापाच्या कारणांचा अहवाल सादर करून विहिरी झांकण्याचा वा बुजविण्याचा सल्ला दिला. विहीर बुजविण्यास पैसा तो किती लागणार! परंतु विहिरींशीं धर्मभावना निगडित होत्या, मालकांचा विरोध होता, आणि त्या सल्ल्याच्या अंमलबजावणींत वर्षांमागून वर्षें गेलीं.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास तर पैशाच्याच भाषेंत वाचावा असा आहे. १९५३ सालीं राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हां देशांत दरसाल सुमारें ७.५ कोटि लोकांना हा ताप येई व ८ लक्ष माणसें त्यानें दगावत, असा अंदाज होता. अमेरिकेच्या मदतीनें डी.डी.टी. आली, फवारणीचीं पथकें गांवोगांव फिरलीं, आणि १९६१ सालीं नोंदलेल्या रुग्णांची संख्या ५० हजारांच्या आंत आली. मग ताप दिसेनासा झाला, तशी त्याच्यासाठीं पैसा मागणाऱ्यांची बाजूही लंगडी पडली. परकीय मदत आटली, डी.डी.टी.चा पुरवठा वेळेवर होईना, डांस तिला दाद देईनासे झाले, आणि शहरांकडे तर प्रथमपासूनच पुरेसें लक्ष नव्हतें. १९७६ सालीं नोंदलेले रुग्ण ६४ लक्षांहून अधिक होते. पंधरा वर्षांत शंभरपटींहूनही अधिक! जी रक्कम वांचली असें वाटलें होतें, ती व्याजासकट भरावी लागली.

शहरांसाठीं स्वतंत्र योजना १९७१ सालीं निघाली. ५० हजार किंवा अधिक लोकवस्ती, दर हजारीं किमान दोन रुग्ण, आणि डांसांच्या पैदाशीविरुद्ध उपविधि करून ते कसोशीनें अमलांत आणण्याची तयारी, अशा तिच्या अटी. केंद्राची मदत मुख्यतः अळीनाशक औषधाच्या रूपानें मिळावयाची. तें औषध खांद्यावर वाहून पाण्यांत टाकणाऱ्या माणसाचें वेतन मात्र राज्यानें व स्थानिक संस्थेनें सोसावयाचें. औषध आलें पण माणूस नाहीं, किंवा माणूस आहे पण औषध वाटेवर आहे, हा जो प्रकार शहरोशहरीं घडूं शकतो, त्याचें बीज या वांटणींत आहे.

आतां मीरा-भाईंदरकडे वळूं या. १९८५ सालीं येथें ग्रामपंचायतींच्या जागीं नगरपरिषद आली व २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेंत येथील लोकवस्ती ५,२०,३८८ होती, २०११ मध्यें ती ८,०९,३७८ झाली. म्हणजे त्या दहा वर्षांत दर दिवशीं सुमारें ऐंशीं माणसांची भर पडली. एवढीं माणसें राहावयास येतात तीं नव्या इमारतींत, आणि इमारत बांधली जात असतांना तिच्या तळघरांत, लिफ्टच्या खड्ड्यांत व प्रत्येक मजल्यावर पाणी सांचलेलें असतें. तेथील मजूर ज्या प्रदेशांतून येतात, त्यांपैकीं कांहींत हिंवताप मुरलेला असतो. रक्तांत जंतु असलेला एक मनुष्य आणि त्याच्या झोंपडीशेजारीं भरलेलें तळघर, एवढी सामुग्री एका साथीला पुरते.

अशा शहराचा पैसा एका पेटींतून येत नाहीं. पहिली पेटी महानगरपालिकेची स्वतःची. तींत मालमत्ता कर, बांधकामाच्या परवान्यांचें शुल्क आणि, जकात व स्थानिक संस्था कर हे दोनही गेल्यानंतर, २०१७ पासून राज्याकडून मिळणारी भरपाई. दुसरी पेटी राष्ट्रीय आरोग्य अभियानाची. तींत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठीं केंद्राचे ६० व राज्याचे ४० असें प्रमाण २०१५-१६ पासून ठरलेलें आहे. तिसरी वित्त आयोगाची. पंधराव्या आयोगानें २०२१ ते २०२६ या पांच वर्षांसाठीं देशांतील स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चावयास ७०,०५१ कोटि रुपयांची शिफारस केली होती. पण तो पैसा प्राथमिक दवाखाने, रोगनिदान अशा ठरवून दिलेल्या कामांसाठींच. जागतिक बँकेच्या कर्जावर १९९७ पासून एक मोठी हिंवताप योजना चालली, तिचा रोख मुख्यतः आदिवासी भागांवर होता, आणि तें योग्यच होतें. महाराष्ट्रांतील हिंवतापाचें सर्वांत मोठें ओझें गडचिरोलीच्या जंगलांतील गांवें वाहतात. ज्या शहरांत रुग्ण थोडे, त्यानें बाहेरच्या पैशावर फार विसंबूं नये.

माहेराहून लुगड्यासाठीं आलेल्या पैशांतून वाण्याची उधारी भागवूं नये, असा घरांत संकेत असतो. सरकारी अनुदानाच्या बाबतींत तोच संकेत कायद्याच्या कडकपणानें पाळावा लागतो. प्रशिक्षणाच्या लेखाशीर्षाखालीं पैसा पडून असतो आणि फवारणीच्या पंपाचे वॉशर बदलावयास पैसा नसतो, तरी एकांतून काढून दुसऱ्यांत घालावयाचा तर वरची मंजुरी हवी. शिवाय वर्ष संपल्यावर खर्चाचें उपयोगिता प्रमाणपत्र गेलें पाहिजे. तें रखडलें, तर पुढील हप्ता रखडतो. येथें लेखापालाची वही ही डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाइतकीच रोगनिवारणाची वस्तु ठरते.

परंतु खरी अडचण रकमेची नसून वेळेची आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला उजाडतें. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. मधले आठवडे दहा. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणें आयुक्तांनीं तयार केलेलें अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे व मग महासभेपुढे जावयाचें. तें वेळेवर मंजूर झालें, तरी निविदा, दरांची छाननी, पुरवठ्याचा आदेश आणि आलेल्या मालाची तपासणी हीं पावलें उरतातच. अनुदानाचा हप्ता तोंवर हातीं पडेल, असा भरंवसा धरतां येत नाहीं. डांसाला यांपैकीं कशाचेंही सोयरसुतक नाहीं. अंड्यापासून उडणाऱ्या डांसापर्यंतचा त्याचा प्रवास उबदार हवेंत आठ-दहा दिवसांत संपतो, आणि म्हणूनच पैदाशीच्या प्रत्येक जागीं आठवड्यास एक फेरी झाली पाहिजे. महिन्यांतून चार फेऱ्यांऐवजीं दोन केल्या, तर निम्मा खर्च वांचून निम्मा उपयोग होतो, असें समजणें भ्रामक आहे. सुटलेल्या आठवड्यांत अळ्यांचे डांस होऊन गेलेले असतात. यावर व्यवहारी उपाय असा, कीं पावसाळ्याचें औषध चालूं वर्षाच्या तरतुदींतूनच फेब्रुवारी-मार्चमध्यें खरेदून ठेवावें, किंवा दोन वर्षांचा दरकरार करून निविदेचा काळ एकदांच सोसावा. आणि वेतन तर कधींही अनुदानाच्या हप्त्यावर टांगून ठेवूं नये.

वेतनाचें महत्त्व कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. एक कामगार दिवसाला २५ इमारती पाहूं शकतो असें धरलें, तर सहा दिवसांत १५० इमारती झाल्या. प्रत्येकीची एक टांकी गच्चीवर व एक जमिनीखालीं, म्हणजे ३०० टांक्या. मक्तेदाराचें बिल अडकल्यामुळें असे दहा कामगार पंधरा दिवस घरीं बसले, तर ३,००० टांक्या दोन आठवडे कोणीही उघडून पाहिलेल्या नाहींत. हिशेबाच्या वहींत ही बचत म्हणून दिसेल. अळीनाशकाच्या बाटलीवर केलेला खर्चही त्या पंधरवड्यांत फुकट गेला, हें मात्र कोणत्याच रकान्यांत दिसणार नाहीं.

आणि मग धुराची गाडी येते. सायंकाळीं गल्लींतून पांढरे लोट सोडीत ती गेली, कीं मुलें मागें धांवतात, नागरिकांचें समाधान होतें, आणि प्रभागाच्या नगरसेवकानें कांहीं केलें असें दिसतें. धुरानें उडणारे कांहीं डांस मरतात हें खरें. साथ पेटली असतां रोगी डांसांची संख्या तातडीनें उतरविण्यास त्याचा उपयोगही आहे. पण टांकींतील अळीला त्याची वार्ता नसते, आणि आठवड्याभरानें नवी पिढी बाहेर पडतेच. डिझेल, कीटकनाशक, वाहन, चालक असा हा खर्चाचा मोठा खड्डा आहे. गच्चीवर चढून झांकण बसविणाऱ्या कामगाराचें काम कोणासही दिसत नाहीं, म्हणून अंदाजपत्रकाच्या चर्चेंत त्याची बाजू घेणारा कोणी नसतो. जनतेच्या मागणीस मान द्यावा हें खरें, परंतु या एका बाबतींत मागणी चुकीची आहे, असें सांगण्याचें धैर्य आरोग्याधिकाऱ्यांनीं दाखविलें पाहिजे.

खर्चाचा दुसरा मोठा भाग रक्ततपासणीचा. दरसाल लोकवस्तीच्या दहा टक्के लोकांचें रक्त तपासावें, हा जुना दंडक. २०११ च्या गणनेवरून मीरा-भाईंदरास तो लावला, तर वर्षाला सुमारें ८१ हजार, म्हणजे दिवसाला २२० काचा होतात. पण २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाहीं. आणि एवढ्या वेगानें वाढणाऱ्या शहराला जुनाच आंकडा लावला, तर मौजेचा घोंटाळा होतो. दर हजारीं रुग्णांचें प्रमाण खऱ्यापेक्षां अधिक दिसतें, आणि तपासावयाच्या काचांचें लक्ष्य खऱ्यापेक्षां कमी. शिवाय येथील अनेक रुग्ण खासगी डॉक्टरांकडे जातात. त्यांची नोंद पालिकेकडे आली नाहीं, तर मागणीचा आधारच डळमळतो. औषधांचा खर्च त्या मानानें हलका. व्हायव्हॅक्स जातीच्या तापास क्लोरोक्विन तीन दिवस व प्रायमाक्विन चौदा दिवस. परंतु ताप तिसऱ्या दिवशीं उतरला, कीं उरलेल्या गोळ्या फडताळांत जातात, आणि यकृतांत लपलेले जंतु कांहीं महिन्यांनीं त्याच रुग्णाच्या रूपानें पुन्हां पालिकेच्या खर्चीं पडतात.

हयगयीची किंमत काय, हें मुंबईनें २०१० सालीं पाहिलें: पाऊण लक्षाहून अधिक रुग्ण आणि शंभराहून अधिक मृत्यु. हा डांस आतां परदेशींही निघाला आहे. २०१२ सालीं तो आफ्रिकेंत जिबूती येथें आढळला आणि तेथून इथिओपियाच्या शहरांत पोंचला. मुंबई-भाईंदरच्या गच्च्यांवरील अनुभव त्या देशांच्या उपयोगीं पडण्यासारखा आहे.

भारतानें २०२७ पर्यंत देशांतर्गत लागण शून्यावर आणून २०३० पर्यंत हिंवतापाचें निर्मूलन करण्याचें ध्येय ठेविलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेचें प्रमाणपत्र मिळण्यास लागोपाठ किमान तीन वर्षें एकही स्थानिक रुग्ण नसल्याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे रक्ताच्या काचाच होत. त्या तीन वर्षांत मीरा-भाईंदरास काचा, रंगद्रव्य, तंत्रज्ञांचें वेतन व टांक्यांवरील साप्ताहिक फेऱ्या यांसाठीं तरतूद पूर्वींइतकीच मागावी लागेल, आणि अंदाजपत्रकाच्या टिपणींत रुग्णसंख्येच्या रकान्यांत शून्य लिहिलेलें असेल.