चाकांवरच्या घराला पत्ता कोणाचा?

अमेरिकेत घरदार विकून बारा महिने आरव्हीत राहणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. आरव्ही म्हणजे चूल, पलंग, न्हाणीघर असा सगळा संसार पोटात घेऊन धावणारी मोटार. या वर्गात निवृत्त जोडपी आहेत, लॅपटॉपवर पोट असलेले तरुण आहेत आणि घरभाडे परवडेना म्हणून गाडीत आलेलेही आहेत. जेसिका ब्रूडर यांच्या 2017 सालच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने आणि त्यावरच्या ऑस्करविजेत्या चित्रपटाने या शेवटच्या गटाची ओळख जगाला करून दिली. वीज, पाणी, इंटरनेट, सांडपाणी या सगळ्यांवर या मंडळींनी तोडगा काढला आहे. टपालापाशी मात्र घोडे अडते. इतर गरजा गाडीबरोबर फिरतात, टपालाला एका जागी उभे असलेले दार लागते. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याचा धागा ओढला की थेट नागरिकत्वाच्या व्यवहाराशी जाऊन पोचतो. ‘तुम्ही कुठे राहता’ आणि ‘तुम्हाला निरोप कुठे पोचेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकी कायदा सैनिकांच्या आणि परदेशस्थांच्या बाबतीत ते वेगळे मानतो, देशातल्या देशात फिरणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांची गाठ मारून ठेवतो. ती गाठ सोडवण्याचे काम खाजगी टपालपेट्यांच्या दुकानांवर सोपवले गेले आहे आणि तिथेच खरी अडचण आहे.

यावर पहिला सवाल हमखास येतो : ईमेलच्या जमान्यात पत्रांची काय मातबरी? खरे आहे, बिले आणि खुशालीची पत्रे कागदावरून कधीच उठली. पण जे कागदावर उरले आहे ते नेमके टाळता न येणारे आहे. बँकेचे नवे कार्ड, गाडीच्या नोंदणीचे स्टिकर, ज्युरी म्हणून हजर राहण्याचे समन्स, टपाली मतपत्रिका, मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड, रोजची औषधे या गोष्टी पाकिटातूनच येतात. प्राप्तिकर खात्याचे उदाहरण तर बोलके आहे. कर कमी भरल्याची वैधानिक नोटीस खाते करदात्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवते. तेवढ्याने ती कायदेशीर ठरते, ती हातात पडली की नाही याला फारसे महत्त्व नसते. नोटिशीवरच्या तारखेपासून 90 दिवसांत करन्यायालयात दाद मागावी लागते. नोटीस देशाबाहेरच्या माणसाच्या नावे असेल तर मुदत 150 दिवसांची होते. म्हणजे लिस्बनला जाऊन राहिलेल्या अमेरिकनाला पाच महिने, आणि माँटानाच्या डोंगरात, कुठलाही पोस्टमन पोचणार नाही अशा जागी गाडी लावून बसलेल्याला तीनच. अंतराची सवलत द्यायची हे कायद्याला मान्य आहे, पण ते अंतर सीमेपलीकडचे असायला हवे.

सरकारी टपालसेवा काहीच करत नाही असे नाही, उलट तिच्याकडे सोयींची रेलचेल आहे. घर बंद असताना टपाल तीन ते तीस दिवस राखून ठेवता येते. तात्पुरता पत्ताबदल किमान पंधरा दिवसांचा आणि मुदत वाढवून जास्तीत जास्त वर्षभराचा मिळतो. पैसे भरले तर सगळे टपाल दर आठवड्याला एका गठ्ठ्यात बांधून दुसऱ्या पत्त्यावर पाठवले जाते, तेही वर्षभरच. येणाऱ्या पाकिटांच्या दर्शनी बाजूचे छायाचित्र सकाळी ईमेलवर पाहण्याची सोय 2017 पासून देशभर आहे. मेख अशी की या प्रत्येक सोयीमागे एक गृहीतक आहे : माणूस कुठल्या तरी घरातून निघाला आहे आणि वर्षाच्या आत तिथे परतणार आहे किंवा दुसऱ्या घरात पोचणार आहे. शिवाय बँकांची कार्डे आणि मतपत्रिका यांच्या पाकिटांवर बहुधा ‘पुढे पाठवू नये, परत करावे’ अशा अर्थाची सूचना छापलेली असते. अशी पाकिटे पत्ताबदलाचा अर्ज भरलेला असूनही पाठवणाऱ्याकडे परत जातात. म्हणजे ज्या टपालासाठी एवढा खटाटोप, तेच नेमके निसटते.

घर गृहीत न धरणारी एकच जुनी सोय आहे, जनरल डिलिव्हरी. पाकिटावर नाव, त्याखाली ‘जनरल डिलिव्हरी’ हे दोन शब्द आणि मग गाव, राज्य, पिनकोड एवढेच लिहायचे. पाकीट त्या गावच्या टपाल कार्यालयात थांबते, खिडकीवर ओळखपत्र दाखवून ते घ्यायचे. मोठ्या शहरात ही खिडकी बहुधा एकाच कार्यालयात असते, म्हणून निघण्याआधी तिथे फोन करून खात्री करणे शहाणपणाचे. पाकीट जास्तीत जास्त तीस दिवस ठेवतात आणि पाठवणाऱ्याने कमी मुदत लिहिली असेल तर तेवढेच. फेडेक्स किंवा यूपीएसचे पार्सल या खिडकीवर येईल याचा भरवसा धरू नये. फिरत्या माणसाचे गणितही जुळावे लागते : पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी 28 दिवसांच्या काळात 14 दिवसांहून जास्त मुक्काम करता येत नाही. औषध मागवले, ते दोन दिवस उशिरा निघाले, की गाडी पुढच्या गावी आणि गोळ्या मागच्या पोस्टात. तरीही सोय चांगली आहे. फक्त ती पाकीट घेण्यापुरती आहे. बँकेच्या अर्जावर निवासाचा पत्ता म्हणून ‘जनरल डिलिव्हरी’ लिहून काम भागत नाही.

ही पोकळी खाजगी टपाल-संस्थांनी भरून काढली. त्यांतले एक जुने आणि मोठे नाव एस्केपीज या आरव्ही क्लबचे. जो आणि के पीटरसन या जोडप्याने 1978 मध्ये तो सुरू केला आणि टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन या छोट्या गावातून आज देशभर पसरलेल्या सभासदांचे टपाल हाताळले जाते. फ्लोरिडा आणि साउथ डकोटा इथेही अशा संस्था आहेत. पद्धत साधारण एकच असते. सभासदाला रस्त्याचे नाव आणि पेटीचा क्रमांक असलेला पत्ता मिळतो. पत्र आले की ते क्रमांकाप्रमाणे लावले जाते आणि पाकिटाचे छायाचित्र सभासदाला दिसू शकते. ते उघडून स्कॅन करा, फाडून टाका, किंवा अमुक गावच्या जनरल डिलिव्हरीवर धाडा, असे तो कळवतो. संस्था पाकीट नव्याने टपालात टाकते, त्यामुळे ‘पुढे पाठवू नये’ची आडकाठीही बरीचशी टळते. मात्र त्याआधी टपाल खात्याचा 1583 क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, दोन ओळखपुरावे द्यावे लागतात आणि सही नोटरीसमोर किंवा संस्थेच्या प्रतिनिधीसमोर करावी लागते. माझे टपाल या संस्थेने घ्यावे, असे ते अधिकारपत्र असते. त्यातली अट फार जण वाचत नाहीत. संस्था सोडली तर टपाल खात्याकडे पत्ताबदलाचा अर्ज करता येत नाही, संस्थेनेच पुढचे सहा महिने टपाल पाठवत राहायचे. ती बंद पडली किंवा भांडण झाले, तर वर्षानुवर्षांचा पत्ता एका फटक्यात जातो आणि त्यावर विसंबलेली प्रत्येक गोष्ट डळमळते.

कारण या पत्त्यावर विसंबलेले असते बरेच काही. वाहन परवाना, गाडीचा विमा, आरोग्य विमा, राज्याचा कर, मतदारयादी ही सगळी साखळी अमेरिकेत राज्याशी आणि काउंटीशी, म्हणजे तिथल्या जिल्ह्याशी, बांधलेली आहे. म्हणून पूर्णवेळ फिरणारे लोक टपालपेटी निवडताना खरे तर राज्य निवडत असतात. टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा या तिन्ही राज्यांत वैयक्तिक प्राप्तिकर नाही, आणि फिरत्या लोकांची रीत तिथल्या कचेऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. कायम घर नसलेल्याला साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि प्रतिज्ञापत्र यांवर परवाना मिळू शकतो. एवढ्यावर सगळे सुरळीत व्हायला हवे होते. पण 2001 च्या दहशतवादविरोधी कायद्यानंतर बँकांना खातेदाराचा रस्ता-पत्ता नोंदवणे बंधनकारक झाले आणि 2005 च्या रिअल आयडी कायद्याने परवान्यासाठी मुख्य निवासाचे दोन पुरावे मागितले. व्यापारी टपालपेटीचा पत्ता संगणक ओळखतो आणि नाकारतो. मग कुणी मुलीचा पत्ता देतो, कुणी मित्राचा. ज्या नियमांचा हेतू माणूस नक्की कोण हे कळावे असा होता, त्यांनी लोकांना जिथे ते राहत नाहीत असे पत्ते द्यायला लावले.

हे अटळ होते का? कायद्यातच याचे उत्तर आहे. बँकांच्या त्याच नियमात सोय आहे की निवासाचा पत्ता नसलेल्याने सैनिकी टपालपेटीचा क्रमांक किंवा जवळच्या नातलगाचा अथवा संपर्कातल्या व्यक्तीचा पत्ता द्यावा. 1986 च्या कायद्यानुसार परदेशात राहणारा अमेरिकन नागरिक देशातल्या आपल्या शेवटच्या पत्त्यावरून मतदान करू शकतो, मग ते घर त्याने कधीचे विकले असले तरी. याहून बोलका मतदार नोंदणीचा राष्ट्रीय अर्ज. पत्ता नसलेल्या माणसासाठी त्यात एक रिकामा चौकोन छापला आहे. त्यात जवळच्या चौकातल्या रस्त्यांची नावे लिहायची, आपण राहतो तिथे फुली मारायची आणि शेजारची शाळा, चर्च, दुकान अशा खुणा ठिपक्यांनी दाखवायच्या. ज्या व्यवस्थेने फुलीला पत्ता मानले, तिला टपालपेटीला मानणे अशक्य नाही.

आक्षेप घेणारे तीन मुद्दे मांडतात. पहिला करचुकवेगिरीचा : राहायचे कॅलिफोर्नियात आणि पत्ता दाखवायचा साउथ डकोटाचा. ही लबाडी होते, पण ती पकडण्याचे साधन पत्ता नव्हे. माणूस वर्षातले किती दिवस कुठे होता आणि पैसा कुठे कमावला हे कर खाती आजही तपासतात, पत्ता कुठलाही असो. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. गावात एक रात्र काढलेल्याने तिथल्या शाळामंडळाचे आणि रस्त्यांच्या कराचे भवितव्य का ठरवावे? स्थानिकांची ही तक्रार रास्त आहे. साउथ डकोटाने 2023 मध्ये मतदार नोंदणीसाठी तीस दिवसांच्या निवासाची अट घातली, आणि जून 2024 च्या प्राथमिक निवडणुकीत सू फॉल्स शहरात टपालपेटीच्या पत्त्यांवरून शंभरहून अधिक टपाली मते बाद ठरवली गेली. पण रोग स्थानिक मताचा आणि उपाय सगळ्याच मतांवर, हे प्रमाणाबाहेर झाले. परदेशी कायम स्थायिक झालेल्यांना अनेक राज्ये फक्त केंद्रीय निवडणुकांची मतपत्रिका देतात. तीच पद्धत फिरत्यांना लावली तर शाळामंडळ स्थानिकांकडे राहते आणि राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्कही बुडत नाही. तिसरा मुद्दा : हौसेने फिरता, मग भोगा. हौस सगळ्यांची नाही हे ‘नोमॅडलँड’ने दाखवलेच, पण असती तरी काय? देशात हवे तिथे जाण्याच्या हक्काचा अमेरिका अभिमान मिरवते, आणि हक्क वापरणाऱ्याचे बँकखाते अडकत असेल तर तो कागदावरच राहतो.

मग करायचे काय? उपाय टपाल खात्याच्या इतिहासातच आहे. दारापर्यंत मोफत टपाल अमेरिकेच्या शहरांत 1863 मध्ये आणि खेड्यांत 1896 पासून सुरू झाले. त्याआधी सर्वसामान्य माणसाचे टपाल कार्यालयातच येई आणि ते त्याने जाऊन आणायचे. न उचललेल्या पत्रांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापल्या जात. पत्ता म्हणजे घर हे समीकरण या देशाच्या वयाच्या मानाने तसे अलीकडचे. तेव्हा टपाल खात्यानेच जनरल डिलिव्हरीला कायमचा, व्यक्तीच्या नावाने चालणारा क्रमांक द्यावा, पाकीट कुठल्या गावी न्यायचे ते नागरिकाने कळवावे, आणि बँक, परवाना, कर खाते यांनी तो ‘संपर्काचा पत्ता’ म्हणून मान्य करावा. ‘राहण्याची जागा’ हा रकाना वेगळा ठेवावा आणि तिथे खरे उत्तर लिहू द्यावे : फिरस्ता. खर्च येईल, पण आज तो नागरिक खाजगी पेट्यांना भरतोच आहे. ओळख पटवण्याचे काम तर 1583 च्या अर्जातून आजही टपाल खात्याच्या नियमांनीच होते.

हा विषय मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. मराठवाड्यातले ऊसतोड कामगार वर्षातले अनेक महिने गावाबाहेर असतात, आणि भटक्या-विमुक्तांचे कागदपत्रांसाठीचे हेलपाटे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 च्या अहवालात मांडले आहेत. आपला निवडणूक आयोग बेघर मतदाराकडे निवासाचा कागद मागत नाही. केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन तो माणूस सांगितल्या जागी खरोखर झोपतो का, हे पाहतो. ही दृष्टी उदार आहे, पण तिलाही रोज त्याच जागी झोपणारा माणूस हवा आहे. लाखांच्या मोटारीत फिरणारा अमेरिकन निवृत्त आणि पालावरचा भटका यांच्यात परिस्थितीचे जमीन-अस्मान अंतर आहे. पहिल्याकडे पेटी विकत घ्यायला पैसे आहेत, दुसऱ्याकडे तेही नाहीत. म्हणूनच पत्ता ही विकत मिळणारी वस्तू होऊ देणे दोन्हीकडे चुकीचे. नागरिकापर्यंत पोचण्याची जबाबदारी मुळात राज्यसंस्थेची आहे. ती पार पाडण्यासाठी तिने नागरिकाला एका जागी बसून राहायची अट घालू नये.