सिकलसेलच्या लेकराचा ताप अंगावर काढू नका

सिकलसेल हा आजार नागपूर-विदर्भातील आपल्या समाजाला नवा नाही. १९५८ साली डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी नागपुरात काम उभारले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अंगदुखी, रक्त कमी होणे ही लक्षणे आता घरोघरी ठाऊक आहेत. परंतु या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीही दुबळी होते, हे आम्हांला वस्त्यांत फिरताना अजूनही समजावून सांगावे लागते.

रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. त्यांतील भक्षक पेशी जंतूंना गिळतात, तर बी-पेशी प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करतात. न्यूमोनिया व मेंदूज्वर आणणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूभोवती शर्करेचे निसरडे कवच असते. भक्षक पेशीला ते सहज धरता येत नाही. प्रतिपिंडे कवचाला चिकटली, की पकड मिळते. हे काम मोठ्या प्रमाणात चालते ते डाव्या बरगड्यांखालच्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत. तिच्यातून रक्त गाळले जाते.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन पानथरीतील बारीक रक्तवाहिन्या अडवतात. लहानपणापासूनच ती निकामी होऊ लागते. आपल्याकडे अनेक मुलांची पानथरी वाढलेली दिसते. पण मोठी आहे म्हणून ती नीट काम करते, असे समजू नये. अशा मुलाच्या रक्तात जंतू शिरला, तर सकाळी खेळणारे लेकरू रात्रीपर्यंत अत्यवस्थ होऊ शकते. हा धोका मुख्यतः ‘एसएस’ रुग्णांना असतो. ‘एएस’ वाहकांना सहसा नसतो.

यावर उपाय आहेत. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज पेनिसिलिन घेणाऱ्या लहान सिकलसेल रुग्णांमध्ये न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान पाच वर्षे वयापर्यंत द्यावे, एकही दिवस चुकवू नये. लस शरीराला प्रतिपिंडे आधीच तयार करायला शिकवते. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने अशा वयांत. दोन वर्षांनंतर लागणाऱ्या जादा लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

माता-भगिनींनो, मुलाचा ताप १०१ अंशांवर गेला, तर अंगारा-धुपारा नको, औषधाच्या दुकानातली गोळी देऊन सकाळची वाटही पाहू नका. त्याच वेळी मेडिकल, मेयो किंवा जवळचे रुग्णालय गाठा आणि पहिले वाक्य हेच सांगा, “मूल एसएस आहे.” बाबासाहेबांनी दिलेला धम्म विज्ञाननिष्ठ आहे, तो घरातल्या तापाच्या वेळीही पाळायचा असतो. येत्या रविवारी वंदनेला विहारात याल, तेव्हा मुलांची लसीकरणाची कार्डे सोबत आणा. राहिलेल्या लसी आपण एकत्र बसून पाहू.

जय भीम!