आधी माशी ठरवा, मग पेटी घ्या

कुरआन शरीफमधील सोळाव्या सूरहचे नाव 'नहल', म्हणजे मधमाशी. मधात माणसांसाठी शिफा असल्याचे त्याच सूरहमध्ये सांगितले आहे. म्हणून मधाच्या धंद्याकडे आपले बांधव आदराने पाहतात. पण नव्या धंद्यात आदराबरोबर हिशेबही लागतो. आम्ही कापडाचे व्यापारी. कोकणातील वाडीत जोडधंदा म्हणून मधमाशा पाळू लागलो, तेव्हा पहिली चूक खरेदीतच केली.

स्वस्तात मिळाल्या म्हणून आम्ही दोन जुन्या पेट्या घेतल्या. त्या युरोपीय मेलिफेरा माशीच्या, मोठ्या चौकटींच्या होत्या. त्यात भरल्या आपल्याकडच्या सातेरी माशा. सातेरी आकाराने लहान, तिची वसाहतही लहान. रिकाम्या पोळ्यांवर तिचा पहारा पुरला नाही, मेणकिडा पडला आणि माशा पेटी सोडून निघून गेल्या. भांडवल बुडाले ते स्वस्ताईच्या मोहाने.

तेव्हा माशी आधी ठरवावी. कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात नवशिक्याला स्थानिक सातेरी बरी. मग तिच्याच मापाच्या दोन पेट्या घ्याव्यात. दोन असल्या की एक अशक्त झाल्यास दुसरीशी ताडून पाहता येते.

पेटी : लाकूड पक्के वाळलेले असावे, रंग फक्त बाहेरून द्यावा. चौकटींभोवती माशीला फिरण्यापुरती ठराविक जागा लागते. अमेरिकेच्या लँगस्ट्रॉथ यांनी 1851 साली हे माप हेरले. मेलिफेरासाठी ते सुमारे 9 मिलिमीटर, सातेरीसाठी किंचित कमी. जागा जास्त झाली तर माशा तिथे वेडीवाकडी पोळी बांधतात आणि चौकट निघत नाही. आपले सुतार बांधव पेटी उत्तम करतील, मात्र नमुन्याची पेटी समोर ठेवूनच. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

जाळी व कपडे : हा आमच्या दुकानातला माल, म्हणून खात्रीने सांगतो. तोंडासमोरची जाळी काळी घ्यावी, पांढरीवर ऊन चमकते व आतून नीट दिसत नाही. अंगात पांढरे, घट्ट विणीचे सुती कापड असावे. गडद रंगाच्या व लोकरीच्या कपड्यांवर माशा चिडतात. हे सारे घरचा शिंपी शिवून देईल.

धुराडे : भाता घट्ट असावा. आत सुके गोणपाट किंवा नारळाची सोडणे जाळावीत. टेरिकॉटच्या चिंध्या कधीही जाळू नयेत, त्यांचा धूर माशांना व मधाला घातक. चौकट सुटी करायला लोखंडी पटाशी आणि माशा झाडायला मऊ ब्रश पुरे.

मधयंत्र : पहिल्या वर्षी विकत घेऊ नये. वर्षात मोजके दिवस लागणारी ही महागडी वस्तू चार जणांनी शरीक होऊन घ्यावी. घ्याल तेव्हा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावे.

सामानाआधी मात्र शिक्षण. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी मंडळाचे मध संचालनालय आहे. प्रशिक्षण व अनुदान यांची चौकशी तेथे जरूर करावी. उस्तादाशिवाय हुनर येत नाही, हे आपल्या कारागिरांना वेगळे सांगायला नको. आम्ही मात्र ते नुकसान सोसून शिकलो. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.