फावल्या वेळातलं गणित – लेखांक ६ : सातचा पाढा

मागच्या लेखांकात आपण तीन थरांचा नेहमीचा रुबिक क्यूब पायरीपायरीने सोडवला. तो एकदा हातात बसला की नजर दुकानातल्या वरच्या फळीकडे जाते. तिथे चार, पाच, सहा, सात थरांचे त्याचे थोरले भाऊ मांडलेले असतात. ते पाहून मनात येतं, की एवढ्याशा क्यूबने महिनाभर घाम काढला, तर हा सातवाला या जन्मी काही सुटायचा नाही. या भीतीला खतपाणी घालायला आकडे तयारच असतात. तीन थरांच्या क्यूबच्या शक्य रचना सुमारे ४३२ परार्ध आहेत, म्हणजे ती वीस अंकी संख्या झाली. सात थरांच्या क्यूबच्या रचनांची संख्या १६१ अंकी आहे. परार्ध हा आपल्या जुन्या मोजणीतला शेवटचा शब्द. नऊ परार्ध एकमेकांना गुणले, तरी तो गुणाकार या संख्येपुढे जवळजवळ दोन कोटी पटींनी तोकडा पडतो. आकडा खरा आहे. पण त्यावरून क्यूबचा अवघडपणा मोजणं चूक आहे, आणि त्या चुकीपायी कित्येक जण या छंदाच्या उंबरठ्यावरूनच परत फिरतात, असं माझं म्हणणं आहे.

हे अंक तुकड्यांच्या शेजारी मांडून पाहा. तीन थरांच्या क्यूबला बाहेरून दिसणारे २६ तुकडे आहेत आणि त्याच्या रचनांची संख्या २० अंकी आहे. चार थरांच्याला ५६ तुकडे आणि ४६ अंक, पाच थरांच्याला ९८ तुकडे आणि ७५ अंक, सहा थरांच्याला १५२ तुकडे आणि ११७ अंक, सात थरांच्याला २१८ तुकडे आणि १६१ अंक. दर चार तुकड्यांमागे साधारण तीन अंक, हे प्रमाण सगळीकडे थोड्याफार फरकाने टिकतं. म्हणजे ज्या अजस्र संख्येने आपली छाती दडपते, ती तुकड्यांची मोजदादच वेगळ्या वेषात पुढे आणते. आकड्यांच्या कुलपाचं उदाहरण घ्या. तीन चकत्यांच्या कुलपाला हजार जुळण्या असतात, सहा चकत्यांच्याला दहा लाख. अंदाजाने चकत्या फिरवत बसणाऱ्या चोराचं काम हजार पटींनी वाढतं. एकेक चकती वेगळी लावता येईल अशी युक्ती ज्याच्याकडे आहे, त्याचं काम फक्त दुप्पट होतं. रचनांची संख्या चोराची मेहनत सांगते. क्यूब शिकणारा माणूस चोरासारखा चाचपडत नसतो. लावलेलं न बिघडवता तो एकेक तुकडा जागेवर नेत असतो. त्याची मेहनत तुकड्यांच्या हिशेबाने वाढते, आणि २६ वरून २१८ ही वाढ साडेआठ पटीही नाही.

शिवाय हे वाढलेले तुकडे कुठले, तेही पाहायला हवं. क्यूब कितीही मोठा केला तरी कोपरे आठच राहतात. बारा कडांवरचे तुकडे थरागणिक बारा-बारांनी वाढतात. खरी भर पडते ती सहा बाजूंच्या मधल्या भागात. सात थरांच्या क्यूबच्या २१८ तुकड्यांपैकी १५० मधले आहेत, आणि नेमके हेच सर्वांत सोपे असतात. कोपऱ्याला तीन रंग असतात, त्याची जागा एकच आणि तिथेही तो वाकडा बसू शकतो. मधल्या तुकड्याला रंग एकच, आणि त्याच्यासारखे हुबेहूब आणखी तीन तरी असतात. चारांपैकी कुठलाही कुठेही बसला तरी चालतं. लग्नाच्या पंगतीत पानं वाढली की कोण कुठे बसलं याचा हिशेब कोणी ठेवत नाही, तसंच.

मोठे क्यूब सोडवण्याची रूढ पद्धत याच सोयीवर उभी आहे. आधी सहाही बाजूंचे मधले भाग एकरंगी करायचे. मग प्रत्येक कडेवरचे एकसारखे तुकडे गोळा करून त्यांची एक अखंड पट्टी जुळवायची. एवढं झालं की मधला अख्खा भाग एका तुकड्यासारखा वागतो, प्रत्येक पट्टीही एका तुकड्यासारखी वागते, आणि हातात राहतो तो जाडजूड मध्य असलेला तीन थरांचाच क्यूब. मधले तुकडे हलवायला लागते ती एक छोटी खेळी. आतला एक थर वर न्यायचा, वरची बाजू फिरवायची, थर खाली आणायचा, वरची बाजू उलटी फिरवायची. अशी आवर्तनं योग्य क्रमाने जोडली, की क्यूबवरचे तीनच तुकडे आपसात जागा बदलतात आणि बाकी सगळं पूर्ववत राहतं. ही खेळी चार थरांच्या क्यूबवर जशी चालते तशीच सतरा थरांच्यावर चालते. बदलतो तो फक्त कितवा थर धरायचा एवढा तपशील. दहापर्यंतचे पाढे आले की चार आकडी गुणाकार असो की चौदा आकडी, नवा पाढा लागत नाही. कागद जास्त लागतो.

यावर जाणकाराचा पहिला आक्षेप ठरलेला असतो : मग पॅरिटीचं काय? आक्षेप रास्त आहे. चार थरांचा क्यूब असा तीन थरांवर आणून ठेवला, शेवटच्या थरापर्यंत पोचलो, आणि तिथे एकच पट्टी उलटी बसलेली दिसते. किंवा दोन पट्ट्यांचीच अदलाबदल झालेली असते. तीन थरांच्या क्यूबवर या दोन्ही गोष्टी अशक्य आहेत, म्हणून पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं की क्यूबच सदोष निघाला. कारण सम-विषमात आहे. आतला एक थर पाव फेरा फिरवला की कडेवरचे चार तुकडे एका साखळीत सरकतात, आणि अशी चार जणांची साखळी तीन अदलाबदलींच्या, म्हणजे विषम संख्येच्या, बरोबरीची असते. कोपरे मात्र जागचे हलत नाहीत. छोट्या क्यूबवर कोपरे आणि कडा यांचं सम-विषम एकमेकांशी बांधलेलं असतं, इथे ती गाठ सुटते. आतल्या थरांचे पाव फेरे विषम वेळा झाले, की पट्टी उलटी राहणारच. पट्ट्यांच्या अदलाबदलीचं मूळही त्याच सुटलेल्या गाठीत आहे. दोन्हींवर ठरावीक खेळ्या आहेत. उलट्या पट्टीची खेळी लांबलचक आहे आणि ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, हे मान्य करायला हवं.

पण या आक्षेपाने माझं म्हणणं मोडत नाही, त्याला एक मर्यादा पडते. पॅरिटी आकाराबरोबर वाढत जात नाही, ती सम आणि विषम अशा दोन घराण्यांत वाटली जाते. पाच थरांच्या क्यूबला मधोमध एक न हलणारा तुकडा असतो आणि प्रत्येक कडेच्या मध्यावरही एक तुकडा असतो. त्यामुळे तिथे पॅरिटी आली तर पट्ट्या जुळवतानाच दिसते, चार थरांच्यासारखी शेवटी येऊन दगा देत नाही. सहा थरांचा क्यूब चारच्या वळणावर जातो, सात थरांचा पाचच्या. थर वाढल्यामुळे तीच खेळी निरनिराळ्या आतल्या थरांवर करावी लागते, एवढंच. चार आणि पाचनंतर नवं म्हणावं असं एकच काही भेटतं. सहापासून मधल्या भागात डावे आणि उजवे अशा दोन जातींचे तिरके तुकडे येतात. ते एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात आणि कधीच एकमेकांच्या जागी बसत नाहीत. नवखा माणूस डाव्याला उजव्याच्या जागी बसवायचा प्रयत्न करत अर्धा तास घालवतो. एकदा भेद कळला की पुन्हा अडत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. मोठा क्यूब जर नुसता लांबच असेल, तर तो सोडवायचा कशाला? हजार भांडी घासण्यात जी मौज, तीच यात. याचं उत्तर गणितातच सापडतं. एरिक डिमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं, की क्यूबचे थर वाढवत नेले तर तुकडे थरांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, पण कुठलीही रचना सोडवायला लागणाऱ्या किमान फेऱ्यांची कमाल संख्या त्याहून जरा सावकाश, वर्ग भागिले लॉगरिदम या गतीने, वाढते. कारण एका थराचा एक फेरा एकाच वेळी अनेक तुकड्यांच्या कामी येऊ शकतो. कौशल्याला जागा आहे ती या फटीत. शिकाऊ माणूस मधला भाग एकेका तुकड्याने भरतो. मुरलेला माणूस पाच तुकड्यांची सलग काडी एका कोपऱ्यात जमवतो आणि ती एका झटक्यात आत सरकवतो. नेमका सर्वांत छोटा मार्ग शोधायचा हट्ट मात्र कोणी धरू नये. कितीही थरांच्या क्यूबसाठी तो शोधणं हा संगणकशास्त्रातल्या कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांच्या वर्गातला प्रश्न आहे, हेही पुढे सिद्ध झालं आहे. तेव्हा इथे भांडी घासायची असली, तरी एका हाताने किती उचलता येतात हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

स्पर्धांचे आकडे मात्र माझ्या हिशेबाला थोडा सुरुंग लावतात, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या मॅक्स पार्कने २०२३ मध्ये तीन थरांचा क्यूब ३.१३ सेकंदांत सोडवला. सात थरांच्या क्यूबवरही विक्रम करणारा हाच माणूस, आणि तो त्याने शंभर सेकंदांच्या आत सोडवलेला आहे. तुकडे साडेआठ पट आणि वेळ मात्र तीस पट! दर तुकड्यामागे पाहिलं तर मोठ्या क्यूबवर साडेतीन पटींहून अधिक वेळ गेला. नुसती लांबीच वाढली असती, तर असं व्हायला नको होतं. काही फरक निवडीचा आहे, ३.१३ ही एकाच अनुकूल रचनेवरची वेळ आहे. काही फरक नियमांचा आहे; सुरुवातीला क्यूब न्याहाळायला दोन्हीकडे जास्तीत जास्त पंधरा सेकंदच मिळतात. तेवढ्यात छोट्या क्यूबची बरीचशी वाट मनात आखून होते, मोठ्याची जेमतेम पहिली काही पावलं दिसतात. उरलेला वेळ जातो शोधण्यात. पुढचा पिवळा तुकडा कुठल्या बाजूला दडला आहे, हे दीडशे तुकड्यांच्या गर्दीत डोळ्यांनी हुडकावं लागतं. म्हणून मी माझं विधान सुधारतो : मोठ्या क्यूबवर ज्ञान फारसं वाढत नाही, काम तुकड्यांच्या प्रमाणात वाढतं आणि नजरेवरचा ताण मात्र त्याहून जास्त वाढतो. घड्याळ न लावणाऱ्याला त्याची झळ कमी लागते, इतकंच.

खरा अवघडपणा वाट्याला आला तो बनवणाऱ्यांच्या. एर्नो रुबिक यांनी बुडापेस्टमध्ये १९७४ साली पहिला क्यूब घडवला, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पेटर शेबेश्टेन यांचा चार थरांचा आणि उडो क्रेल यांचा पाच थरांचा क्यूब आला. सहा आणि सात थरांचे क्यूब बाजारात यायला मात्र २००८ उजाडलं. ते आणले ग्रीसच्या पानायोटिस वेर्देस यांनी. मध्ये पाव शतक गेलं, त्यामागे साधी भूमिती आहे. बाहेरचा थर पंचेचाळीस अंशांत फिरवला की कोपऱ्याचा तुकडा खालच्या थराच्या बाहेर झुकतो. सहा थरांपर्यंत त्याचा थोडा भाग तरी आत टेकलेला राहतो. सगळे थर सारख्या जाडीचे ठेवले तर सातव्याला तो पूर्ण बाहेर पडतो आणि त्याला आतून धरून ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून सात थरांचा क्यूब एक तर उशीसारखा फुगीर करतात, नाही तर त्याचे बाहेरचे थर जाड ठेवतात. ऑस्कर वान डेव्हेंटर यांनी २०११ साली सतरा थरांचा क्यूब केला. त्याला बाहेरून दिसणारे १,५३८ तुकडे आहेत. ते जागेवर धरून ठेवणं हे दिव्य होतं. सोडवणाऱ्याला त्यासाठी सात थरांहून वेगळं काही शिकावं लागत नाही.

तेव्हा शिकायचा क्रम कोणता? दुकानात तीननंतर चार हातात ठेवतात, पण माझं मत पाचच्या बाजूने आहे. तिथे मधोमध न हलणारा तुकडा रंग सांगत असतो. चार थरांच्यावर पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर नारिंगी ही मांडणी तोंडपाठ असावी लागते. तिथे चूक झाली तर ती कोपरे बसवताना कळते आणि मधला भाग पुन्हा उकलावा लागतो. पाच, मग चार, आणि मग थेट सात घेतला तरी बिघडत नाही. आतला थर अर्धवट फिरलेला असताना दुसरा जोर लावून फिरवू नये. तुकडे अडकतात, क्वचित निखळतात, आणि सातवाला परत जुळवणं हा वेगळाच छंद आहे. सगळं एका बैठकीत संपवण्याचीही सक्ती नाही. आज दोन बाजूंचे मधले भाग झाले की क्यूब फडताळात ठेवावा, उद्या तो तिथेच, तसाच सापडतो. चौथ्या-पाचव्या दिवशी शेवटची पट्टी जुळेल आणि हातात जाड मध्याचा तीन थरांचा क्यूब उरेल. त्या वेळी मागचा लेखांक काढून तिसऱ्या परिच्छेदापासून वाचावा.